संसार नवा, विम्याचे कागद मात्र जुनेच!

लग्नानंतर पत्ता, आडनाव आणि रेशनकार्ड बदलण्याची धावपळ सगळेच करतात. पण लग्नाआधी उतरवलेल्या विम्यावर कोणाचे नाव आहे, हे पाहायला कितीजणांना सुचते? या विसराळूपणामुळे ऐन दुःखाच्या वेळी सासू आणि सून कोर्टाच्या दारात समोरासमोर उभ्या राहू शकतात.

लग्न ठरले की घरात याद्यांचा पाऊस पडतो. मानपानाची यादी, भांड्यांची यादी, पाहुण्यांची यादी. लग्न पार पडले की दुसरी यादी सुरू होते. गॅसचे कनेक्शन, बँकेचे संयुक्त खाते, आधारवरचा पत्ता, पासपोर्ट. या दोन्ही याद्यांत एक गोष्ट हमखास राहून जाते, ती म्हणजे विम्याची फाईल.

याला कारणही आहे. मुलगा किंवा मुलगी नोकरीला लागली की पहिल्याच वर्षी ओळखीतले कुणीतरी विम्याचा फॉर्म घेऊन घरी येते. आयकर वाचेल, बचतही होईल, असे सांगून सही घेतली जाते. ‘नॉमिनी’च्या रकान्यात अर्थातच आईचे किंवा वडिलांचे नाव पडते. त्या वयात दुसरे कोणाचे नाव लिहिणार? मग ती पॉलिसी कपाटात जाते, हप्ता बँकेतून परस्पर कापला जातो आणि सगळे ते विसरून जातात.

पुढे लग्न होते, मूल होते, घराचे कर्ज डोक्यावर येते. आयुष्याचे चित्र पार पालटते, पण कपाटातला कागद जसाच्या तसा राहतो. जीवनविम्याच्या पॉलिसीवरचे नाव लग्नामुळे आपोआप बदलत नाही. ते पॉलिसीधारकाने स्वतः कळवून बदलून घ्यावे लागते.

दोन खटले, एकच धडा

विम्याच्या नामनिर्देशनाची तरतूद १९३८ च्या विमा कायद्याच्या कलम ३९ मध्ये आहे. या कलमावरून आपल्याकडे बरीच वर्षे वाद होत आले आहेत आणि त्यांतले काही थेट घराघरांतलेच आहेत.

डिसेंबर १९८३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका प्रकरणाचा निकाल दिला. पतीने पॉलिसीवर पत्नीचे नाव लावले होते. त्याच्या मृत्यूनंतर आईने आणि मुलाने आपापला वाटा मागितला. पत्नीचे म्हणणे होते की नाव माझे, म्हणून पैसाही माझाच. न्यायालयाने ते मान्य केले नाही. नॉमिनी ही केवळ पैसे स्वीकारणारी व्यक्ती आहे, मालकी मात्र वारसा कायद्याप्रमाणे वारसांचीच, असे न्यायालयाने स्पष्ट केले. हिंदू वारसा कायद्यात मृत पुरुषाची आई, पत्नी, मुलगे आणि मुली हे सारे पहिल्या वर्गातले वारस आहेत. त्यामुळे आईचा हक्क डावलता येत नव्हता.

पुढे २०१५ मध्ये विमा कायद्यात दुरुस्ती झाली. पॉलिसीधारकाने आपले आईवडील, पती किंवा पत्नी, अथवा मुले यांपैकी कोणाचे नाव लावले असेल, तर त्या व्यक्तीला पैशावर लाभाचा हक्क मिळेल, असे कलमात लिहिले गेले. म्हणजे आता नाव कोणाचे आहे याला पूर्वीपेक्षा कितीतरी जास्त वजन आले.

पण म्हणून वाद संपले का? २०२५ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयापुढे आलेल्या प्रकरणात चित्र नेमके उलटे होते. एका तरुणाने लग्नाआधी घेतलेल्या पॉलिसींवर आईचे नाव लावले होते. पुढे लग्न झाले, मुलगा झाला, पण नाव बदलायचे राहिले. २०१९ मध्ये तो तरुण वारला. आई म्हणाली, नॉमिनी मी आहे. पत्नी म्हणाली, वारस मी आणि माझे बाळही आहोत. न्यायालयाने आई, पत्नी आणि मुलगा यांना प्रत्येकी एक तृतीयांश वाटा दिला. वारसांनी हक्क सांगितला, तर नॉमिनीचा दावा वारसा कायद्यापुढे टिकत नाही, असा या निकालाचा आशय आहे. मात्र देशातल्या सर्वच न्यायालयांनी या दुरुस्तीचा अर्थ असाच लावलेला नाही.

दोन्ही प्रकरणे शेजारी ठेवून पाहा. एकात नाव पत्नीचे, दुसऱ्यात आईचे. दोन्हींत पुरुष कोणाचे वाईट चिंतून गेला नव्हता. तरीही त्याच्या माघारी त्याच्या आईला आणि पत्नीला एकमेकींविरुद्ध वकील करावा लागला. नामनिर्देशनाचा एक फॉर्म वेळेवर भरला असता आणि घरात दोन शब्द मोकळेपणाने बोलले गेले असते, तर ही वेळ बहुधा टळली असती.

आई की पत्नी?

नवऱ्याने लग्नानंतर लगेच आईचे नाव खोडून पत्नीचे लावायचे, असाही याचा अर्थ नाही. विधवा आई मुलाच्याच पगारावर जगत असेल, तर तिचे नाव पुसून टाकणे हा अन्यायच होईल. दुसरीकडे नवी सून नोकरी सोडून सासरी आली असेल आणि तिच्यासाठी कुठेच काही नसेल, तर तोही अन्यायच.

यातून सोपा मार्ग निघतो. एकाच पॉलिसीवर एकापेक्षा जास्त नॉमिनी लावता येतात आणि प्रत्येकाचा हिस्सा टक्क्यांत लिहिता येतो. पत्नीला ६० टक्के आणि आईला ४० टक्के, असे ज्याच्या त्याच्या परिस्थितीनुसार ठरवता येते. किंवा जुनी पॉलिसी आईच्या नावे राहू द्यावी आणि पत्नीसाठी नवी घ्यावी. नॉमिनी बदलण्याचा फॉर्म विमा कंपनीच्या कार्यालयात मिळतो, बऱ्याच कंपन्यांत संगणकावरूनही भरता येतो. बदलाची नोंद झाल्याचा लेखी कागद मात्र हाती आलाच पाहिजे. नॉमिनी अज्ञान असेल, तर त्याच्या वतीने पैसे स्वीकारणाऱ्या मोठ्या व्यक्तीचे नावही द्यावे.

नामनिर्देशनाबरोबर साधे मृत्युपत्र केले आणि दोन्हींत एकच गोष्ट लिहिली, तर वादाला जागा उरत नाही.

पत्नी आणि मुलांसाठी आणखी भक्कम व्यवस्था हवी असेल, तर १८७४ चा विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेचा कायदा उपयोगी पडतो. विवाहित पुरुषाने स्वतःच्या आयुष्यावरची पॉलिसी या कायद्याखाली घेतली, तर ती पत्नी आणि मुलांसाठीचा विश्वस्त निधी मानली जाते. पतीचा धंदा बुडाला, तरी सावकारांना त्या पैशाला हात लावता येत नाही. दुकानदार, कंत्राटदार किंवा उसनवारीवर व्यवसाय करणाऱ्यांच्या घरी ही गोष्ट लाखमोलाची आहे. मात्र हा पर्याय पॉलिसी घेतानाच निवडावा लागतो, जुन्या पॉलिसीला तो नंतर लावता येत नाही. शिवाय एकदा लाभार्थी ठरले की पतीला ते आपल्या मर्जीने बदलता येत नाहीत. म्हणून सही करण्याआधी पुरता विचार करावा.

नोकरदारांनी भविष्य निर्वाह निधीचाही विसर पडू देऊ नये. तेथे नियम वेगळा आहे. १९५२ च्या भविष्य निर्वाह निधी योजनेनुसार लग्नाआधी केलेले नामनिर्देशन लग्नानंतर रद्द समजले जाते आणि नवे करावे लागते. नोकरीत असताना मृत्यू आल्यास या निधीशी जोडलेल्या विम्याची ७ लाखांपर्यंतची रक्कमही याच नोंदीच्या आधारे मिळते. तेव्हा लग्नाच्या रजेवरून परतल्यावर पेढ्यांचा बॉक्स घेऊन कार्यालयात जाताना हा फॉर्मही भरून टाकावा.

मुलीच्या पॉलिसीचे काय?

विम्याचा विषय निघाला की सगळे नवऱ्याबद्दलच बोलतात. पण आज कितीतरी मुली लग्नाआधीच कमावत्या असतात. त्यांच्या नावे वडिलांनी पॉलिसी काढलेली असते आणि नॉमिनीही वडीलच असतात. लग्नानंतर तिचा हप्ता कोण भरणार? वडील भरत होते, आता मुलगी सासरी गेली म्हणून त्यांनी थांबवले आणि सासरी कुणाला माहीतच नाही, असे झाले तर पॉलिसी बंद पडते. हप्त्याची जबाबदारी लग्नाआधीच स्पष्ट करून घ्यावी.

दुसरी गोष्ट नावाची. आपल्याकडे अनेकजणी लग्नानंतर नाव आणि आडनाव बदलतात. पॉलिसीवर माहेरचे नाव, आधारवर सासरचे आणि बँकेत तिसरेच, अशी खिचडी झाली की मुदत संपल्यावर स्वतःचेच पैसे मिळवताना दमछाक होते. विवाह नोंदणीचा दाखला जोडून एकदाच सर्वत्र नाव सारखे करून घ्यावे. नाव बदलायचे नसेल, तर तसेही चालते. कुठेही सक्ती नाही. पण जे नाव असेल ते सगळीकडे एकच असावे.

तिसरी गोष्ट जरा नाजूक आहे. हिंदू वारसा कायद्यानुसार विवाहित स्त्री मृत्युपत्र न करता वारली, तर तिच्या स्वकष्टाच्या मिळकतीवर पहिला हक्क पती आणि मुलांचा असतो. ते नसतील तर पतीच्या वारसांचा आणि त्यानंतर तिच्या आईवडिलांचा. म्हणजे एकुलत्या एका मुलीने म्हाताऱ्या आईवडिलांचा भार उचलला असला, तरी तिच्या माघारी ते रांगेत शेवटी उभे राहतात. अशा मुलीने आईवडिलांचे नाव विम्यावर ठेवले किंवा त्यांच्यासाठी मृत्युपत्र केले, तर सासरच्यांनी त्याचा राग मानू नये. मुलाने आईची सोय पाहिली तर ते कर्तव्य आणि मुलीने पाहिली तर ते माहेरचे वेड, हा न्याय आता पुरे झाला.

आजारपण सांगून येत नाही

आता आरोग्य विम्याकडे वळू. नवरा-बायको दोघेही नोकरी करत असतील, तर दोघांच्याही कार्यालयातून आरोग्य विमा मिळत असण्याची शक्यता असते. अशा वेळी दोन्ही पॉलिसींची पत्रके शेजारी ठेवून पाहावीत. कुणाच्या योजनेत बाळंतपणाचा खर्च मिळतो? सासू-सासरे किंवा आईवडील कुठे समाविष्ट होतात? खोलीभाड्याला मर्यादा आहे का?

कार्यालयीन योजनेत जोडीदाराचे नाव लग्नानंतर ठराविक दिवसांतच घालता येते. ती मुदत चुकली, तर पुढच्या नूतनीकरणापर्यंत थांबावे लागू शकते. म्हणून विवाह नोंदणी लवकर करावी.

मात्र केवळ कार्यालयाच्या विम्यावर विसंबून राहणे धोक्याचे आहे. नोकरी गेली की तो विमाही जातो. म्हणून लग्नाआधी स्वतःची आरोग्य पॉलिसी असेल, तर ‘आता नवऱ्याच्या कंपनीत मिळतेच आहे’ असे म्हणून ती बंद करू नये. जुन्या आजारांसाठीचा थांबण्याचा काळ त्या पॉलिसीत आधीच सरत आलेला असतो. नवी पॉलिसी घेतली की तो पुन्हा पहिल्या दिवसापासून मोजला जातो. २०२४ च्या नियमांनुसार हा काळ जास्तीत जास्त ३ वर्षांचा असू शकतो. कंपनी बदलायचीच असेल, तर नूतनीकरणाच्या किमान ४५ दिवस आधी अर्ज करून पॉलिसी दुसरीकडे वळवता येते आणि आधीची वर्षे जमेला धरली जातात.

बाळंतपणाच्या खर्चासाठी वैयक्तिक पॉलिसींत वेगळा प्रतीक्षा काळ असतो. काही पॉलिसींत तो ९ महिन्यांचा, तर काहींत तीन-चार वर्षांचा असतो. दिवस गेल्यावर पॉलिसी शोधायला निघणे म्हणजे तहान लागल्यावर विहीर खणण्यासारखेच.

पती, पत्नी आणि मुले यांची मिळून एक ‘फॅमिली फ्लोटर’ पॉलिसी स्वस्त पडते. पण त्यातच सासू-सासऱ्यांना घातले, तर साधारणपणे घरातल्या सर्वांत मोठ्या वयाच्या व्यक्तीवरून हप्ता ठरतो आणि तो बराच वाढतो. शिवाय विम्याची रक्कम सर्वांत मिळून एकच असते. एकाच्या शस्त्रक्रियेत ती संपली, तर उरलेल्यांच्या वाट्याला काय? म्हणून वडीलधाऱ्यांसाठी स्वतंत्र पॉलिसी घेणे हिताचे.

आणि एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. फॉर्म भरताना आजार लपवू नका. सासरी कळू नये म्हणून थायरॉईड, दमा किंवा फिट्स येण्याची गोष्ट काही मुली लिहीत नाहीत. नोकरीवर परिणाम होईल म्हणून मुलगेही मधुमेह लपवतात. इस्पितळाच्या बिलाच्या वेळी जुने कागद बाहेर येतात आणि कंपनी दावा नाकारते. मग पैसाही जातो आणि घरातला विश्वासही. पॉलिसी सलग ५ वर्षे चालली की फसवणुकीखेरीज अन्य कारणाने माहिती दडवल्याचा ठपका कंपनीला ठेवता येत नाही, हे खरे आहे. पण त्या ५ वर्षांत काय होईल हे कोणी सांगावे? आपला आजार जोडीदाराला सांगता येत नसेल, तर खरी अडचण विम्याच्या फॉर्मची नाही.

घर, दागिने आणि माहेरची स्कूटर

नव्या घरात फ्रिज, टीव्ही, धुलाई यंत्र येते. लग्नातले दागिने येतात. भाड्याच्या घरात राहणाऱ्यांना वाटते, घरच आपले नाही तर विमा कशाचा? पण घरमालकाचा विमा भिंतींचा असतो, तुमच्या सामानाचा नसतो. १ एप्रिल २०२१ पासून सुरू झालेल्या ‘भारत गृह रक्षा’ पॉलिसीत भाडेकरूला फक्त घरातील सामानाचाही विमा उतरवता येतो.

यात एक खाचखळगा आहे. आग, पूर, भूकंप यांसारख्या आपत्तींसाठी ही पॉलिसी आहे. तिच्या मूळ संरक्षणात चोरी धरली जाते ती अशा आपत्तीनंतर ७ दिवसांच्या आत झालेलीच. एरवीच्या घरफोडीसाठी वेगळे संरक्षण जोडून घ्यावे लागते आणि दागिन्यांचा उल्लेख स्वतंत्रपणे करावा लागतो. दागिने लॉकरमध्ये असले, तरी बँक त्यांचा विमा उतरवत नाही. आग, चोरी किंवा बँकेच्या कर्मचाऱ्याच्या फसवणुकीने नुकसान झाले, तर रिझर्व्ह बँकेच्या नियमांप्रमाणे बँकेची जबाबदारी लॉकरच्या वार्षिक भाड्याच्या १०० पटीपर्यंत असते. समजा, भाडे २००० रुपये असेल, तर ही मर्यादा २ लाखांची झाली. आजच्या सोन्याच्या भावात त्यात काय काय बसेल, याचा हिशेब ज्याने त्याने करावा.

मुलगी सासरी येताना बऱ्याचदा आपली स्कूटर घेऊन येते. ती वडिलांच्या नावावर असते आणि विमाही त्यांच्याच नावे. वाहनमालकाला मिळणारे १५ लाखांचे वैयक्तिक अपघात संरक्षण हे मालकाचे असते, स्कूटर चालवणाऱ्या मुलीचे नव्हे. म्हणून स्कूटर तिच्या नावावर करावी आणि त्यानंतर १४ दिवसांत विमा कंपनीलाही कळवावे. केवळ नोंदणी बदलली आणि विमा जुन्याच नावावर राहिला, तर वाहनाच्या स्वतःच्या नुकसानीची भरपाई अडकते. सर्वोच्च न्यायालयाने पूर्वीच हे स्पष्ट केले आहे.

विमा नेमका कितीचा हवा?

नावे बदलून झाली, आता आकड्याकडे पाहावे. समजा, एका घराचा महिन्याचा खर्च ४० हजार रुपये आहे आणि जुनी पॉलिसी ५ लाखांची आहे. कमावती व्यक्ती गेली, तर हे ५ लाख जेमतेम वर्षभर पुरतील. त्यात पती-पत्नीने मिळून घराचे कर्ज घेतले असेल, तर एकाच्या माघारी दुसऱ्याला पूर्ण कर्ज फेडावे लागते.

बचत आणि विमा यांची गल्लत केल्यामुळे असे होते. मुदतीनंतर काहीच परत न देणारा ‘टर्म’ विमा लोकांना घाट्याचा वाटतो. पण तरुण वयात थोड्या हप्त्यात मोठे संरक्षण देतो तो हाच. दोघेही कमावते असतील तर दोघांनीही तो घ्यावा. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक जीवन आणि आरोग्य विम्याच्या हप्त्यांवरचा १८ टक्के वस्तू व सेवा कर रद्द झाला आहे, हीही जमेची बाजू.

उत्पन्न बेताचे असेल, तरी हात रिकामे राहू नयेत. प्रधानमंत्री जीवन ज्योती विमा योजनेत वर्षाला ४३६ रुपयांत २ लाखांचा जीवनविमा मिळतो, तर सुरक्षा विमा योजनेत २० रुपयांत २ लाखांचा अपघात विमा. पहिल्या योजनेत १८ ते ५०, तर दुसरीत १८ ते ७० वयाच्या बँक खातेदारांना भाग घेता येतो. घरात धुणीभांडी करायला येणाऱ्या बाईंनाही याची माहिती द्यावी.

लग्नाविना एकत्र राहणाऱ्यांसाठी

मोठ्या शहरांत काही जोडपी लग्न न करता एकत्र राहतात. त्याविषयी कोणाचे मत काहीही असो, विम्याच्या बाबतीत त्यांची बाजू दुबळी आहे हे त्यांनी ओळखले पाहिजे. २०१५ च्या दुरुस्तीतील लाभाच्या हक्काच्या यादीत आईवडील, पती-पत्नी आणि मुले एवढेच आहेत. जोडीदाराचे नाव कंपनीने स्वीकारले, तरी पैशावर वारस हक्क सांगू शकतात. एकत्र आरोग्य पॉलिसीही सहसा मिळत नाही. अशा दोघांनी आपापली स्वतंत्र पॉलिसी ठेवावी आणि जोडीदारासाठी काही राखायचे असेल, तर रीतसर मृत्युपत्र करावे.

एक संध्याकाळ, एक फाईल

हे सारे ऐकून घाबरून जाण्याचे कारण नाही. लग्नानंतरच्या पहिल्या दोन-तीन महिन्यांत एखादी संध्याकाळ या कामासाठी काढली तरी पुरते. दोघांच्याही सगळ्या पॉलिसी टेबलावर मांडाव्यात. एका वहीत पॉलिसीचा क्रमांक, रक्कम, हप्त्याची तारीख, नॉमिनीचे नाव आणि कागद कुठे ठेवला आहे, हे लिहावे. वही कुठे आहे हे दोघांनाही ठाऊक असावे. मूल झाले, घर घेतले किंवा नोकरी बदलली की ती पुन्हा उघडावी.

नवी पॉलिसी घेतल्यावर ती वाचून पाहायला ३० दिवस मिळतात. अटी पटल्या नाहीत, तर त्या मुदतीत ती परत करता येते. कंपनीने दावा अन्यायाने नाकारला, तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार करावी. दाद मिळाली नाही तर विमा लोकपालाकडे जाता येते. त्यासाठी शुल्क लागत नाही, वकीलही लागत नाही. मुंबई आणि पुणे येथे ही कार्यालये आहेत.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, आईच्या नावाचे काय करायचे हे आईच्या पाठीमागे ठरवू नये. मुलाने आई आणि पत्नी दोघींना समोर बसवून सांगावे की तुमच्या दोघींची सोय मी अशी अशी केली आहे. सुरुवातीला थोडे अवघड वाटेल. ‘शुभ घरात अशुभ कशाला बोलायचे?’ असे म्हणून कुणी विषय टाळायलाही पाहील. पण हे बोलणे जिवंतपणी टाळले, तर पुढे त्याच दोघींना ते वकिलांमार्फत करावे लागते. त्यापेक्षा घरातल्या घरात, चहाच्या कपावर झालेले बरे.